सर्व्हर नेमका कुठे अडलाय?

दहावीच्या निकालाचा दिवस. दुपारचा एक वाजतो आणि राज्यभरातले लाखो विद्यार्थी, त्यांचे आईवडील, मामा, मावश्या एकाच वेळी एकाच संकेतस्थळाकडे धाव घेतात. बैठक क्रमांक टाकला, आईचं नाव टाकलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर ते लहानसं वर्तुळ फिरत राहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. घरातलं कोणीतरी शेवटी म्हणतं, "सर्व्हरवर लोड आलाय."

हे वाक्य आपण बँकेत ऐकतो, तिकिटाच्या खिडकीवर ऐकतो, सातबारा काढायला गेल्यावर ऐकतो. पण लोड येतो म्हणजे काय होतं? यंत्र दमतं? गरम होतं? त्याची जागा संपते? कोडं इथेच थांबत नाही. सर्व्हरची देखभाल करणारा माणूस अनेकदा आत डोकावून पाहतो, तर प्रोसेसर ऐंशी टक्के रिकामा! यंत्र रिकामं बसलंय आणि बाहेर लोक ताटकळलेत. हे कसं शक्य आहे?

उत्तर शोधण्याची साधनं त्या सर्व्हरमध्येच असतात. जगातले बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९१ साली ही प्रणाली लिहायला घेतली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवरच चालतो. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या यादीत ६३ व्या स्थानी आलेला पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय'ही त्यातलाच. अशा यंत्रांना बहुधा पडदाही नसतो आणि माउसही नसतो. दूरवरून जोडून घ्यायचं, काळ्या खिडकीत एक छोटी आज्ञा टंकायची आणि आलेले आकडे वाचायचे. आज्ञा रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टंकाव्या लागतात. इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

## खानावळीचं स्वयंपाकघर

सर्व्हर समजून घ्यायला एक खानावळ डोळ्यांसमोर आणू या. आत चार आचारी आहेत. हे प्रोसेसरचे चार कोअर. त्यांच्यासमोर ओटा आहे; हाताशी लागणारं सगळं त्यावर मांडलेलं. ही मेमरी, म्हणजे रॅम. मागे कोठीची खोली आहे, तिथे धान्याचे डबे. ही डिस्क. आणि पुढे दार, जिथून गिऱ्हाईक येतं आणि ताट बाहेर जातं. हे नेटवर्क. आलेली प्रत्येक मागणी म्हणजे एक काम; संगणकाच्या भाषेत प्रोसेस.

ताट उशिरा येतंय, एवढंच गिऱ्हाइकाला दिसतं. पण कारणं चार असू शकतात. आचारी कमी पडत असतील, ओट्यावर जागा उरली नसेल, कोठीतून डाळ यायला वेळ लागत असेल, किंवा दारातच गर्दी अडली असेल. चारही वेळा तक्रार एकच, उपाय मात्र चार. आचारी वाढवून कोठीची अडचण सुटत नाही.

म्हणून देखरेखीचं एक सूत्र मनाशी पक्कं धरावं: कोणती गोष्ट किती वापरली गेली, एवढंच पाहू नये, तिच्यासाठी कोण थांबलंय हे पाहावं. आचारी दिवसभर कामात असणं हे चांगल्या खानावळीचं लक्षण आहे. काळजी करायची ती ताटकळणाऱ्या कामांची. पुढचा प्रत्येक आकडा याच कसोटीवर वाचायचा आहे.

## आकडे येतात कुठून?

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कोणत्या कामाला किती वेळ आचारी मिळाला, ओट्यावर काय मांडलंय, कोठीत किती फेऱ्या झाल्या, याचा सगळा हिशेब कर्नल ठेवतो. तो आपल्याला 'प्रॉक' नावाच्या एका फोल्डरमध्ये वाचायला मिळतो. गंमत अशी, की या फोल्डरमधल्या फाइली डिस्कवर कुठेच नसतात. आपण फाइल उघडतो त्या क्षणी कर्नल ताजे आकडे लिहून पुढे करतो. प्रोसेसची माहिती फाइलसारखी वाचता यावी ही कल्पना १९८४ साली बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी युनिक्ससाठी मांडली होती. लिनक्सने ती उचलली आणि खूप वाढवली.

पुढे येणाऱ्या बहुतेक आज्ञा म्हणजे कर्नलच्या या हिशेबवहीची वेगवेगळी पानं सुबक मांडून दाखवणारे वाचक आहेत. पाहिल्याने काही मोडत नाही, बदलतही नाही. नवख्याने निर्धास्तपणे टंकून पाहाव्यात.

## तीन आकड्यांचा सरासरी भार

पहिली आज्ञा 'अपटाइम'. ती एकच ओळ देते: यंत्र किती दिवस अखंड चालू आहे, आणि शेवटी तीन आकडे. समजा, ते ९.१०, ५.४० आणि २.२० असे आले. हा लोड ॲव्हरेज, म्हणजे सरासरी भार. अनुक्रमे गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचा.

भार म्हणजे टक्केवारी नव्हे. ती कामांची संख्या आहे. आचाऱ्याच्या हातात असलेली आणि आचाऱ्याची वाट पाहणारी कामं मिळून किती, हे कर्नल दर पाच सेकंदांनी मोजतो. त्यामुळे हा आकडा कोअरच्या संख्येशी ताडून वाचावा लागतो. कोअर किती आहेत हे 'एनप्रॉक' ही आज्ञा सांगते. चार कोअरच्या यंत्रावर भार ४ असेल तर प्रत्येक आचाऱ्याला एकेक काम आहे, कोणी ताटकळलेलं नाही. भार ८ असेल तर चार कामं हातात, चार रांगेत. तोच ८ हा आकडा ३२ कोअरच्या यंत्रावर दिसला तर तिथे निवांतपणा आहे.

तीन आकडे एकत्र वाचले की गर्दीची दिशा कळते. वरच्या उदाहरणात पंधरा मिनिटांचा भार २.२० आणि एका मिनिटाचा ९.१०, म्हणजे गर्दी आत्ता चढते आहे. क्रम उलटा असता तर ती ओसरते आहे असं समजायचं. एक बारकावा इथे ध्यानात ठेवावा. ही सरासरी शाळेत शिकवलेल्या साध्या सरासरीसारखी नाही. जुन्या मोजण्यांचं वजन हळूहळू विरत जातं, फोडणीचा वास घरात रेंगाळून मग मंदावतो तसं. त्यामुळे संकट टळल्यावरही पंधरा मिनिटांचा आकडा काही काळ चढाच दिसतो.

## आचारी रिकामे, तरी रांग

आता सुरुवातीचं कोडं. 'टॉप' ही आज्ञा टंकली की सर्व कामांची जिवंत यादी समोर येते आणि साधारण दर तीन सेकंदांनी ताजी होते. विल्यम लेफेव्हर यांनी १९८४ साली पहिला 'टॉप' लिहिला. आज याच धर्तीवरचा, रंगीत आणि हाताळायला सोपा 'एचटॉप'ही मिळतो. टॉपमध्ये कॅपिटल पी दाबलं की सर्वाधिक प्रोसेसर खाणारी कामं वर येतात, कॅपिटल एम दाबलं की सर्वाधिक मेमरी खाणारी. १ हा आकडा दाबला की प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. बाहेर पडायला क्यू.

वरच्या भागात प्रोसेसरच्या वेळेची वाटणी असते. 'यूएस' म्हणजे आपल्या कार्यक्रमांवर गेलेला वेळ, 'एसवाय' म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या कामावर गेलेला, 'आयडी' म्हणजे रिकामा. या तिघांकडे सगळेच पाहतात. कोडं सुटतं ते पुढच्या दोन अक्षरांशी: 'डब्ल्यूए'. हासुद्धा रिकामाच वेळ आहे, पण निराळा. आचारी हात बांधून उभा आहे, कारण कोठीतून डाळ आलेली नाही. त्याला काम करायचं आहे, साहित्य नाही.

हा फरक किती मोठा असतो ते पाहा. जुन्या पद्धतीच्या डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे अडीच कोटी ठोके पडून जातात! तबकडी नसलेल्या एसएसडी डिस्कने ही दरी पुष्कळ कमी केली आहे, पण मिटवलेली नाही.

लिनक्सच्या सरासरी भारात ही डिस्कसाठी थांबलेली कामंही धरली जातात, आणि त्यामागे एक छान हकिकत आहे. सुरुवातीला तसं नव्हतं. ऑक्टोबर १९९३ मध्ये माथियास उर्लिख्स या प्रोग्रामरने एक विसंगती दाखवली: वेगवान डिस्क काढून मंद डिस्क बसवली, तर यंत्र रखडतं, पण भाराचा आकडा मात्र उतरतो, कारण थांबलेली कामं मोजलीच जात नाहीत. त्याने सुचवलेली छोटी दुरुस्ती स्वीकारली गेली. पुढे या निर्णयामागचं कारण बहुतेकांच्या विस्मरणात गेलं. २०१७ मध्ये ब्रेंडन ग्रेग या कार्यक्षमता-तज्ज्ञाने जुने ईमेल-संग्रह धुंडाळून ते पुन्हा उजेडात आणलं.

म्हणून भार २० आणि प्रोसेसर ८० टक्के रिकामा, हे दृश्य परस्परविरोधी नाही. वीस कामं थांबलीत, बहुधा कोठीच्या दारात. टॉपच्या यादीत त्यांच्यापुढे 'डी' हे अक्षर दिसतं. खात्री करायला 'आयओस्टॅट -एक्स' ही आज्ञा द्यावी. त्यात डिस्ककडे गेलेल्या एका फेरीला सरासरी किती मिलिसेकंद लागले ते कळतं. एसएसडीवर तो आकडा नेहमीपेक्षा सतत दहापट-वीसपट चढलेला दिसला, तर अडचण सापडली.

भाड्याच्या, म्हणजे क्लाउडवरच्या सर्व्हरवर वेळेच्या त्याच ओळीत 'एसटी' हाही आकडा पाहावा. तिथे एकाच मोठ्या स्वयंपाकघरात अनेक खानावळी चालतात. आपल्याला आचारी हवा होता, पण तो दुसऱ्याच्या कामात होता, असा गेलेला वेळ इथे दिसतो. हा आकडा मोठा असेल तर दोष आपल्या प्रोग्रामचा नाही.

## ओटा भरला म्हणजे मेमरी संपली?

नव्या माणसाला सर्वांत जास्त घाबरवणारी आज्ञा म्हणजे 'फ्री -एच'. समजा, ८ जीबीच्या सर्व्हरवर ती असं सांगते: एकूण ७.७, वापरात २.१, मोकळी ०.३, बफर-कॅशे ५.३, उपलब्ध ५.२. 'मोकळी ०.३' वाचून काळजाचा ठोका चुकतो. मेमरी संपली!

नाही संपली. आचारी कोठीतून मसाल्याचा डबा आणतो आणि काम झालं तरी तो ओट्यावरच राहू देतो. पुन्हा लागला तर फेरी वाचते. ओटा रिकामा ठेवून कोणाचं भलं होतं? लिनक्स नेमकं हेच करतो. डिस्कवरून एकदा वाचलेलं मोकळ्या मेमरीत ठेवून देतो. हा कॅशे. खऱ्या कामाला जागा लागली की हे डबे तत्काळ बाजूला करता येतात, कारण मूळ माल कोठीत आहेच. वाचायचा आकडा म्हणून 'मोकळी' नव्हे, 'उपलब्ध'. लोकांचा हा गोंधळ इतका सार्वत्रिक होता की २०१४ साली कर्नलच्या ३.१४ या आवृत्तीत 'उपलब्ध' हा अंदाज स्वतंत्रपणे मोजून देण्याची सोय झाली.

खरी टंचाई वेगळी दिसते. ओट्यावर इंचभर जागा उरली नाही की कर्नल फारशी न लागणारी भांडी उचलून कोठीतल्या एका राखीव फळीवर ठेवतो. ही स्वॅप. फळीवर काही भांडी पडून आहेत, एवढ्याने बिघडत नाही. तीच भांडी सारखी आत-बाहेर होऊ लागली की घात होतो; सगळा वेळ ने-आण करण्यातच जातो आणि स्वयंपाक थांबतो. ही ने-आण पाहायला 'व्हीएमस्टॅट ५' टंकावं. दर पाच सेकंदांनी एक ओळ येते. पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्यावी. पुढच्या ओळींत 'एसआय' आणि 'एसओ' हे रकाने शून्याच्या आसपास असतील तर मेमरी पुरेशी आहे. दोन्हीकडे मोठे आकडे सतत वाहत असतील तर ओटा खरोखर अपुरा पडतोय.

त्याहीपुढे गेलं, तर कर्नल एक कठोर निर्णय घेतो: एक काम बंद पाडून जागा मोकळी करतो. या यंत्रणेला ओओएम किलर म्हणतात. बळी जातो तो बहुधा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसचा, आणि अनेकदा तो नेमका डेटाबेसच असतो. डेटाबेस कारण नसताना बंद पडला असं वाटलं, तर आधी 'डीमेसेज' या आज्ञेने कर्नलच्या नोंदी पाहाव्यात. तिथे बळीचं नाव लिहिलेलं असतं.

## कोठीतली जागा आणि तिचे चकवे

'डीएफ -एच' ही आज्ञा डिस्कवर किती जागा उरली ते सांगते आणि 'डीयू -एसएच' ही एखाद्या फोल्डरने किती व्यापली ते. जागा संपली की नवीन नोंद लिहिता येत नाही आणि चालू असलेली सेवा अचानक कोसळते. बहुतेक वेळा दोषी असतात त्या लॉग, म्हणजे रोजनिशीच्या फाइली. कोणी न छाटता वर्षानुवर्षं वाढलेल्या.

इथे दोन चकवे आहेत. पहिला: मोठी फाइल पुसली, तरी डीएफचा आकडा हलत नाही. कोठीच्या नोंदवहीतून डब्याचं नाव खोडलं, पण तो डबा अजून कोणा आचाऱ्याच्या हातात आहे. चालू असलेली प्रोसेस ती फाइल उघडून बसलेली असेल, तर जागा सुटत नाही. 'एलएसओएफ' ही आज्ञा अशी पुसलेली पण उघडी असलेली फाइल कोणी धरली आहे ते सांगते. ती सेवा नीट बंद करून पुन्हा सुरू केली की जागा परत मिळते.

दुसरा: जागा अर्धी रिकामी आहे, तरी 'जागा नाही' असा संदेश येतो. प्रत्येक फाइलसाठी नोंदवहीत एक ओळ लागते. तिला आयनोड म्हणतात. अनेक फाइल प्रणालींत या ओळींची संख्या आधीच ठरलेली असते. लाखो चिमुकल्या फाइली साठल्या की कोठी रिकामी असूनही वही भरून जाते. 'डीएफ -आय' टंकलं की हे लगेच कळतं.

## दारातली रांग

निकालाच्या दिवशी आचारी, ओटा, कोठी सगळं ठीक असूनही गर्दी दारातच अडू शकते. बाहेरून आलेली जोडणी आत घेतली जाईपर्यंत एका रांगेत उभी राहते. 'एसएस -एलएनटी' ही आज्ञा दारागणिक दोन आकडे देते: रांगेत आत्ता किती जण आहेत, आणि रांगेत जास्तीत जास्त किती मावतात. दोन्ही आकडे जवळ आले की पुढे येणाऱ्या माणसाला रांगेत उभंच राहता येत नाही आणि त्याच्या पडद्यावर वर्तुळ फिरत राहतं. कर्नलने या रांगेला घातलेली मूळ मर्यादा दीर्घकाळ १२८ होती. २०१९ मध्ये आलेल्या ५.४ या आवृत्तीत ती ४०९६ झाली. आतल्या प्रोग्रामने स्वतः लहान मर्यादा मागितली असेल, तर मात्र तीच लागू होते.

## थांबण्याचंच मोजमाप

आतापर्यंत आपण कोण थांबलंय याचा अंदाज निरनिराळ्या खुणांवरून बांधला. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या कर्नलच्या ४.२० या आवृत्तीपासून तो थेट मोजता येतो. फेसबुकच्या योहानेस वायनर यांनी लिहिलेल्या या सोयीला 'प्रेशर' म्हणतात. प्रॉकमधल्या त्या नावाच्या फोल्डरमध्ये प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क-व्यवहार यांच्या तीन फाइली आहेत. गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांपैकी किती टक्के वेळ कोणतं ना कोणतं काम त्या गोष्टीसाठी अडून होतं, हे त्या सांगतात. मेमरीच्या फाइलमध्ये शून्य दिसलं, तर ओटा कितीही भरलेला असो, चिंता नाही. तिथे ३० दिसलं, तर जवळजवळ एकतृतीयांश वेळ कोणीतरी ओट्यावरच्या जागेसाठी ताटकळलं होतं.

## चौकट: दोन मिनिटांची तपासणी

१. अपटाइम: तीन आकडे वाचा, कोअरच्या संख्येशी ताडा. गर्दी चढतेय की ओसरतेय?
२. डीमेसेज: कर्नलने कोणतं काम बंद पाडलं का? डिस्कच्या तक्रारी आहेत का?
३. व्हीएमस्टॅट ५: स्वॅपची ने-आण सतत चालू आहे का?
४. टॉप: 'डब्ल्यूए' आणि 'एसटी' किती? 'डी' अवस्थेत कोण अडकलंय?
५. फ्री -एच: 'मोकळी' सोडा, 'उपलब्ध' वाचा.
६. डीएफ -एच आणि डीएफ -आय: जागा उरली आहे का, वहीत ओळी उरल्या आहेत का?
७. आयओस्टॅट -एक्स: डिस्कच्या एका फेरीला किती वेळ?
८. एसएस -एलएनटी: दारातली रांग भरली आहे का?

## शांत दिवशीची नोंद

सर्व्हर रखडला की पहिला मोह होतो तो बंद करून पुन्हा सुरू करण्याचा. कधी कधी त्याने वेळ निभावते. पण कोण अडलं होतं, कशासाठी अडलं होतं, याचा बहुतेक पुरावाही त्याच क्षणी पुसला जातो आणि आठवड्याने तेच संकट पुन्हा दारात उभं राहतं. म्हणून बटण दाबण्याआधी दोन मिनिटं द्यावीत, वरच्या आठ आज्ञा चालवून त्यांचं उत्तर एका फाइलमध्ये जपून ठेवावं.

त्याहून मोलाची नोंद शांत दिवसाची. डॉक्टर रक्तदाब पाहून निदान करतात, कारण निरोगी माणसाचा रक्तदाब किती असतो हे त्यांना ठाऊक असतं. सर्व्हरच्या बाबतीत असा सर्वांना लागू पडणारा आकडा नाही. एका यंत्राचा रोजचा भार ६ असेल, दुसऱ्याचा ०.३. आपल्या यंत्राचं 'बरं असणं' कसं दिसतं, हे आपणच पाहून ठेवावं लागतं. 'सिसस्टॅट' नावाचा मोफत संच बसवून त्याची नोंद चालू केली, तर तो साधारण दर दहा मिनिटांनी हे आकडे आपणहून टिपतो आणि 'सार' या आज्ञेने मागच्या दिवसांची पानं उलटून दाखवतो.

तुमच्या हाती एखाद्या शाळेचा, पतसंस्थेचा किंवा छोट्या कार्यालयाचा सर्व्हर असेल, तर ही नोंद आजच सुरू करा. गर्दीच्या दिवशी दाराबाहेर ताटकळणाऱ्या माणसाला 'लोड आलाय' यापेक्षा खरं उत्तर देणं तिच्यामुळेच तुम्हाला शक्य होईल.